रस्त्याचा आराखडा आणि आपले दुकान

रस्ता रुंद होणार ही बातमी बाजारात बहुधा भिंतीवरून कळते. सकाळी शटर उघडायला आलेल्या दुकानदाराला शेजारच्या खांबावर लाल रंगाची रेघ दिसते आणि तिच्या शेजारी मीटरचा एक आकडा. दुपारपर्यंत साऱ्या बाजारात तोच विषय. रात्री शाळेच्या हॉलमध्ये बैठक होते, दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ, तिसऱ्या दिवशी बंद. इतके सगळे झाल्यावर कचेरीतला अधिकारी शांतपणे सांगतो, "हा रस्ता मंजूर आराखड्यात आहे. हरकतींची मुदत केव्हाच संपली." तो बहुधा खोटे बोलत नसतो.

भिंतीवर येण्याआधी ती रेघ कित्येक वर्षे कागदावर असते. कागदावर असते तेव्हा ती हलवायला एक अर्ज, एक नकाशा आणि दहा माणसांचा थोडा वेळ पुरतो. भिंतीवर आल्यावर वकील लागतो, आणि तरीही ती हलेलच असे नाही. आपला बहुतेक व्यापारी आणि कारागीर वर्ग जुन्या शहरांच्या अरुंद रस्त्यांवर, भाड्याच्या जागेत बसलेला आहे. म्हणून रस्त्याचे भवितव्य ठरते कसे, आणि त्यात रस्त्यावर राहणाऱ्या व कमावणाऱ्या माणसाला शिरकाव कुठे आहे, हे आम्ही या पानावर थोडे विस्ताराने मांडत आहोत.

एकाच सरळ रेषेतले दोन रस्ते

मुंबईचेच उदाहरण घेऊ. फ्लोरा फाउंटनपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत येतो तो डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग. क्रॉफर्ड मार्केटपासून तीच वाट पुढे उत्तरेला जाते तेव्हा तिचे नाव मोहम्मद अली रोड होते आणि ती जे. जे. रुग्णालयाकडे जाते. म्हटले तर एकच वाट, पण दोन्ही भागांची गोष्ट वेगळी आहे.

दादाभाई नौरोजी मार्गावर तळमजल्याला कमानींची सलग ओळ आहे आणि तिच्याखालून पायी चालण्याची सावलीची वाट जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रस्ता बांधला गेला तेव्हाच तशी अट होती. शंभर वर्षांत दुकानांच्या पाट्यांनी या कमानी झाकून टाकल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील पाट्या, दिवे, बाके आणि पदपथ यांचा एकत्र विचार सुरू झाला. वास्तुविशारदांनी आराखडा काढला खरा, पण तो नोटिशीने लादण्याऐवजी दुकानदार आणि जागामालक यांच्यासमोर ठेवला. पाटी किती मोठी, कमानीच्या कोणत्या भागात, कोणत्या उंचीवर, हे समजावून सांगितले. पुढे तेथील व्यापारी व जागामालकांची हेरिटेज माइल असोसिएशन उभी राहिली. पाटी लहान केली तर धंदा बुडेल, ही भीती त्या दुकानदारांनाही होतीच. पण शेजाऱ्याचीही पाटी तितकीच असेल, हे कळल्यावर भीतीचे कारण उरले नाही.

आता मोहम्मद अली रोड. या रस्त्यावरून २००२ साली सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव त्याला दिलेले आहे. पुलाचा उद्देश उघड होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या बाजूने भायखळ्याकडे जाणाऱ्याचा वेळ वाचावा. तो वेळ वाचला, यात शंका नाही. परंतु पुलावरची गाडी मध्ये कुठेच थांबत नाही आणि पूल काही घरांच्या खिडक्यांच्या पातळीवरून, हाताच्या अंतरावरून जातो. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला चोवीस तास आवाज आणि धूर. खालच्या दुकानाला सावली मिळाली, पण येता-जाता नजर टाकणारे गिऱ्हाईक वरून निघून जाऊ लागले.

पूल नकोच होता, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. आराखड्यात प्रवाशांचा हिशेब होता. तसा खाली राहणाऱ्यांचा आणि धंदा करणाऱ्यांचा हिशेब कोणी मांडला होता का? पुलाखालची जागा कशासाठी, माल कुठे उतरेल, रस्ता ओलांडायचा कुठे, खिडक्यांसमोर आवाज अडवणारे पडदे लागतील का, हे प्रश्न पुलाच्या नकाशाबरोबर सुटायला हवेत. ते मांडणारा माणूस त्याच वेळी टेबलाशी असावा लागतो.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. हवा खेळू लागली, रहदारी सुधारली. पण ज्यांची बिऱ्हाडे पाडली त्यांतले पुष्कळ लोक कामाची जागा सोडू शकत नव्हते, म्हणून शेजारच्याच गर्दीच्या चाळींत शिरले आणि तेथील गर्दी आणखी वाढली. मालकाला भरपाई मिळाली. भाडेकरूचे काय झाले, याची नोंद मात्र कोणी फारशी ठेवली नाही.

नकाशात कोण दिसते

आराखडा करणाऱ्यासमोर जो कागद असतो त्यावर इमारतीची बाह्यरेषा आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. तळमजल्याला दुकान, वर निवास, एवढी नोंद झाली की त्याचे काम संपते. पण आपल्या बाजाराची खरी रचना कशी आहे? पुढे अत्तराचे किंवा कापडाचे दुकान, मागे गोदाम, पहिल्या मजल्यावर जरीकाम, दुसऱ्यावर बॅगा शिवणारे बारा कारागीर, जिन्याखाली चावी करणारा, दारासमोर फळाची गाडी, आणि या सर्वांमध्ये राहणारी चार-पाच कुटुंबे. या पंचवीस-तीस माणसांपैकी मालमत्तापत्रकावर नाव असते एकाचे. तो मालक कदाचित दुसऱ्याच शहरात राहत असतो.

विकास आराखडा करताना पहिली पायरी असते ती आज जमिनीचा वापर कसा होतो याच्या सर्वेक्षणाची आणि त्याच्या नकाशाची. आमच्या मते सर्वांत मोठी गफलत इथेच होते आणि इकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. जो कारखाना या नकाशात नाही, त्याची गरज पुढच्या कोणत्याही नकाशात येत नाही. मुंबईच्या गेल्या आराखड्याच्या वेळी हे नकाशे लोकांसमोर आले तेव्हा त्यांतल्या असंख्य चुका नागरिकांनी दाखवून दिल्या होत्या.

पुढे काय झाले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हरकतींसाठी साठ दिवस मिळाले. उभ्या इमारतींतून गेलेले रस्ते, चुकीच्या जागी दाखवलेल्या वास्तू, असे प्रकार बाहेर येऊ लागले आणि हरकती हजारोंनी आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ च्या मे महिन्यात आला आणि अंतिम मंजुरी २०१८ साली. एवढ्या मोठ्या शहराचा संपूर्ण आराखडा लेखी हरकतींच्या रेट्याने मागे घेतला गेला, याचा अर्थ कागदाला वजन आहे. मात्र तो मुदतीत पोहोचलेला कागद असला पाहिजे.

दरवाजे किती आणि कुठे

रस्त्याची रेघ मुख्यत्वे दोन कायद्यांतून येते. पहिला म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. शहराचा विकास आराखडा त्याखाली होतो आणि साधारण वीस वर्षांनी तो नव्याने तपासायचा असतो. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, सर्वेक्षण होते, मग प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर करून सूचना व हरकती मागवल्या जातात. मुदत नोटिशीतच छापलेली असते आणि ती दिवसांत मोजायची असते. हरकती ऐकण्यासाठी कलम २८ प्रमाणे नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि शासनाकडून नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. ज्याने लेखी हरकत दिली त्याला म्हणणे मांडण्याची संधी ही समिती देते. ज्याने दिली नाही तो दाराबाहेर.

आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ प्रमाणे त्यात फेरबदल होऊ शकतो. तेव्हा पुन्हा नोटीस निघते आणि हरकतीसाठी एक महिना असतो. एखाद्या रस्त्याची रुंदी वाढवण्याचा किंवा कमी करण्याचा प्रस्ताव अनेकदा याच वाटेने येतो, आणि वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली जाहिरात कोणी वाचत नाही. प्रत्येक बाजारपेठेच्या संघटनेने फक्त या जाहिराती वाचण्यासाठी एक माणूस नेमावा. महिन्याला हजार-दोन हजार रुपये दिले तरी हा खर्च स्वस्तच पडेल.

दुसरा दरवाजा फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या महापालिका अधिनियमात कलम २९७ आणि इतर महापालिकांच्या अधिनियमात कलम २१० यांखाली आयुक्त रस्त्याची नियमित रेषा ठरवतात. जुन्या रेषेच्या जागी नवी रेषा आणायची असेल तर निर्णयाच्या बैठकीपूर्वी किमान एक महिना जाहीर नोटीस द्यावी लागते. ती वर्तमानपत्रात व राजपत्रात तर येतेच, शिवाय आयुक्तांच्या सहीची खास नोटीस त्या रस्त्यावर लावावी लागते. लेखी हरकत बैठकीच्या दिवसापूर्वी पूर्ण तीन दिवस आधी महापालिका सचिवांच्या कार्यालयात पोहोचली पाहिजे. म्हणजे ज्या खांबावर उद्या लाल रेघ येणार, त्याच रस्त्यावर आधी एक कागद लागलेला असायला हवा. कागद लागला नसेल तर तेच मोठे कारण हातात येते. त्यासाठी त्या महिन्यातली रस्त्याची तारीखवार छायाचित्रे जवळ असलेली बरी.

२०२२ पासून काही वर्षे राज्यातील अनेक महापालिकांत निवडून आलेली सभागृहे नव्हती, प्रशासक होते. त्या काळात नगरसेवकाच्या घरी जाण्याचा आपला नेहमीचा मार्ग बंद झाला आणि लेखी हरकतीखेरीज दुसरी वाट उरली नाही. सवय लागली असेल तर ती मोडू नये.

आणखी एक प्रकार आहे, ज्याला असा कायदेशीर दरवाजाच नाही. रस्त्याची रुंदी तीच ठेवून त्याचे वाटप बदलायचे. पदपथ रुंद, पार्किंग ठरावीक खाचांत, मध्ये झाडे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर २०१६ नंतर असे काम झाले आणि इतर शहरांनीही तो नमुना घेतला. यात कोणाचे दुकान तुटत नाही, पण टेम्पो कुठे लागणार आणि किती वाजता, हे सगळे बदलते. इथे मुदत, सुनावणी वगैरे नसते. काम निघण्यापूर्वी रस्ते विभागाच्या अभियंत्याकडे जाऊन नकाशा पाहायला मागणे, एवढेच हातात असते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. लहान कामांसाठी, म्हणजे दिवा, पदपथ, मुतारी यांसाठी, तो रस्ता वापरावा.

मालकाला काय, भाडेकरूला काय

आता या विषयातला सर्वांत नाजूक भाग. रस्त्यासाठी जागा घेण्याचे मार्ग कायद्यात दिलेले आहेत. सामोपचाराने मोबदला देऊन, चटई क्षेत्र किंवा टी.डी.आर. देऊन, किंवा सक्तीच्या भूसंपादनाने. महापालिकांना टी.डी.आर.चा मार्ग आवडतो, कारण तिजोरीतून पैसा जात नाही. पण टी.डी.आर. मिळण्याची अट अशी की जागा सर्व बोजांपासून मुक्त करून विनामूल्य ताब्यात द्यायची. पागडीने बसलेला चाळीस वर्षांचा भाडेकरू हा मालकाच्या दृष्टीने बोजाच असतो. मालक सहीला तयार होतो, त्याच्या हिताचे असते. भाडेकरूला कळते तेव्हा मोबदल्याचा हिशेब झालेला असतो. नियमित रेषेखाली जागा घेतली तरी भरपाईचा शब्द कायद्यात आहे तो मालकासाठी.

सक्तीचे संपादन झाले तर चित्र थोडे वेगळे आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात "बाधित कुटुंब" या शब्दाचा अर्थ रुंद केलेला आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारा आणि ज्याची मुख्य रोजी संपादनामुळे बुडते असा भाडेकरू किंवा कारागीर, त्याच्याजवळ जमीन नसली तरी, त्यात येतो. कारागीर हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. विस्थापित कारागीर व छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान पंचवीस हजार रुपये साहाय्य असेही त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. रक्कम फार नाही, मुंबईत तर मशीन हलवायलाच जाईल. पण नाव यादीत येणे महत्त्वाचे, कारण पुढची प्रत्येक मागणी त्या यादीवर उभी राहते.

तीन वर्षे सिद्ध कशाने करणार? गुमास्ता परवाना किंवा त्याची नोंद, भाडेपावती, वीजबिल, उद्यम नोंदणी, जी.एस.टी., माल पाठवल्याच्या पावत्या. आपल्या कारागिरांजवळ यांतले बहुतेक नसते. वीजबिल मालकाच्या नावाने, भाडे रोखीने, पावती तोंडी. ज्याला आपण विश्वासाचा व्यवहार म्हणतो तो सर्वेक्षण करणाऱ्या कारकुनाला शून्य दिसतो. ज्या दुकानदारांनी वरचा मजला कारागिरांना दिलेला आहे त्यांनी पावती द्यावी, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो. जागा वक्फची असेल तर मुतवल्ली किंवा ट्रस्टची हरकत वेगळी आणि त्यातल्या भाडेकरूंची वेगळी, अशा दोन्ही गेल्या पाहिजेत. एकाने दिली म्हणून दुसऱ्याची झाली, असे होत नाही.

अतिक्रमण हा शब्द

रुंदीकरणात पुष्कळदा भरपाईच नाकारली जाते, कारण तुटलेला भाग अतिक्रमण होता, असे सांगितले जाते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल प्रत्येक बाजार संघटनेच्या फायलीत असावा. उत्तर प्रदेशातील महाराजगंज येथे २०१९ साली महामार्गाच्या रुंदीकरणात एका पत्रकाराचे घर पाडले होते. अतिक्रमण सांगितले गेले ते ३.७० मीटरचे आणि पाडकाम झाले पाच ते आठ मीटरपर्यंत, लेखी नोटिशीशिवाय. न्यायालयाने पंचवीस लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि सर्व राज्यांसाठी पद्धत घालून दिली. आधी नोंदींवरून आणि नकाशांवरून रस्त्याची मूळ रुंदी निश्चित करायची. मग मोजणी करून अतिक्रमण आहे का ते पाहायचे. असेल तर लेखी नोटीस द्यायची, हरकत आल्यास कारणे देऊन लेखी निर्णय करायचा. आणि मूळ रस्ताच अपुरा असेल, तर अतिक्रमणाचे नाव पुढे न करता कायद्याने जागा संपादन करायची.

त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबरला, बांधकामे पाडण्याबाबत आणखी एक निकाल आला आणि त्यात पंधरा दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले गेले. तो निकाल हातात धरून आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मात्र रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामाला तो संरक्षण देत नाही, हे त्यातच लिहिले आहे. ओटा पुढे काढलेला दुकानदार त्याच्या आधाराने उभा राहू शकणार नाही. ओटा, छपरी, पायऱ्या यांचा निकाल संघटनेने स्वतःच लावलेला बरा. सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आपली मोजणी आपण करावी

हरकत म्हणजे "आमच्या पोटावर पाय देऊ नका" अशी विनवणी नव्हे. तशा शेकडो अर्जांचा एकच गठ्ठा होतो आणि एका ओळीत निकाली निघतो. समितीला लागतो तो नकाशा आणि आकडा.

समजा, जागेवर रस्ता ४० फूट आहे आणि आराखड्यात १८.३० मीटर म्हणजे ६० फूट दाखवला आहे. दोन्ही बाजूंनी सारखे घेतले तर प्रत्येकी १० फूट. १२ फूट खोलीच्या दुकानाचे दोन फूट उरतील, म्हणजे काहीच उरणार नाही. पण मध्यरेषा एका बाजूला सरकली असेल तर वीसच्या वीस फूट एकाच बाजूचे जातील आणि समोरच्याचे काहीही जाणार नाही. आपल्या रस्त्यावर यांपैकी काय आहे, हे नकाशा न मागता कळणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मोजणीचा नकाशा, रेषेच्या ठरावाची प्रत, मूळ रुंदीची नोंद, इतके मागावे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कहाणी न लिहिता कागदांची नावे लिहावीत.

मग माणसे मोजावीत. आठवड्यातला साधा दिवस, शुक्रवार आणि रविवार असे तीन दिवस, सकाळी नऊ ते रात्री दहा, तासातासाला. कॉलेजची चार मुले नाक्यावर बसवली तर काम होते. पायी किती, दुचाकीने किती, मोटारीने किती, हातगाड्या व टेम्पो किती आणि प्रत्येक किती वेळ थांबला. रमजानच्या रात्रींची मोजणी वेगळी. शिवाय दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न, "कसे आलात?" इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली असे विचारले गेले. दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येते. प्रत्यक्षात २२ टक्केच निघाले. आपल्या जुन्या बाजारांत तर रेल्वे स्टेशनवरून चालत येणारेच जास्त असणार, असा आमचा कयास आहे. तसे निघाले तर रुंद रस्त्यापेक्षा रुंद पदपथ धंद्याला जास्त उपयोगी ठरेल. म्हणजे दुकानाचे दहा फूट वाचवण्याचा मुद्दा आकड्यासह हाती येतो.

मालाची ने-आण हा बाजाराचा खरा कणा आहे आणि वास्तुविशारदांच्या सुंदर चित्रांत ती सहसा नसते. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून २०२१ साली खुला झाला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंद करण्यात आला. चालणाऱ्याला मोठा आराम झाला. पण घाऊक व्यापाऱ्याला सारा माल रात्री किंवा पहाटे हलवावा लागतो, म्हणजे हमाल, पहारेकरी, गोदामवाला सगळ्यांचे वेळापत्रक बदलते. ही किंमत परवडते की नाही, हे प्रत्येक बाजाराने आपल्या मालावरून ठरवायचे. अत्तरवाल्याला परवडेल, लोखंडवाल्याला नाही. म्हणून आधी एक दिवस करून पाहण्याची मागणी करावी. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून तसे करून पाहिले गेले. एका दिवसाच्या गल्ल्यावरून सारे कळत नाही, पण टेम्पो कुठे अडतो ते नक्की कळते.

हरकतीत पर्याय द्यावा. रस्ता एकेरी करता येईल का? मागची समांतर गल्ली मोकळी करता येईल का? तळमजल्यावर कमान काढून पदपथ आत घेतला आणि वरचे मजले तसेच ठेवले तर? दादाभाई नौरोजी मार्गावर शंभर वर्षांहून अधिक काळ हेच चालले आहे, तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणू शकत नाही. अर्जावर नकाशाचा शीट क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, रस्त्याचे नाव, प्रस्तावित व प्रत्यक्ष रुंदी आणि नेमकी मागणी लिहावी, आणि शेवटी "आम्हास प्रत्यक्ष सुनावणी द्यावी" हे वाक्य विसरू नये. प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. संघटनेचा एक अर्ज आणि प्रत्येक भोगवटादाराचा स्वतंत्र अर्ज, असे दोन्ही द्यावेत.

रस्ता फक्त दुकानदारांचा नाही

इथे आम्हाला आपल्याच लोकांना थोडे बोलावे लागेल. बाजाराची बैठक म्हणजे बहुधा पुढच्या फळीतल्या दुकानदारांची बैठक. इशानंतर जमतात, पन्नास पुरुष. वरच्या मजल्यावरच्या बाया येत नाहीत, येऊ शकत नाहीत. त्यांना विचारले तर त्या पार्किंगबद्दल बोलणार नाहीत. मुलांना शाळेत जाताना रस्ता कुठे ओलांडायचा, म्हाताऱ्या सासूला रिक्षापर्यंत कसे न्यायचे, संडासाची गाडी गल्लीत येते का, रात्री दिवा असतो का, हे सांगतील. त्यांच्यासाठी दुपारची वेगळी बैठक, एखाद्या घरातच, ठेवावी. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर कारखान्यातच झोपतात. ते ना मतदार यादीत, ना संघटनेत. त्यांची नोंद आपण केली नाही तर कोणीच करणार नाही.

आणि फेरीवाले. दुकानदार पालिकेकडे मागणी करतात की आधी गाड्या हटवा. फेरीवाले म्हणतात, दुकानदाराचा ओटा आधी हटवा. अधिकारी दोन्ही अर्ज मान्य करतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे असे म्हटले आहे. विक्री क्षेत्र कुठे असावे यात या समितीचा शब्द चालतो. रस्त्याच्या आराखड्यावर दुकानदार एका कचेरीत आणि फेरीवाले दुसऱ्या कचेरीत भांडत राहिले तर नकाशा तिसराच माणूस काढतो. गाडीला पाच फूट कुठे, दुकानाच्या दाराला किती मोकळे, हे आधी आपसात खडूने रस्त्यावर आखून ठरवता येते. एका रात्रीत होणारे हे काम आहे.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणारी पत्रे येतील, म्हणून आताच सांगतो. महापालिकेच्या विकास आराखडा किंवा नगररचना विभागातून आपल्या सिटी सर्व्हे नंबरचा आराखडा अभिप्राय आणि भाग नकाशा काढावा. फी फार नसते, मुंबईत तर अर्ज संगणकावरूनही करता येतो. त्या कागदावर आपल्या समोरच्या रस्त्याची रुंदी किती लिहिली आहे, ती पाहावी, आणि मग फीत घेऊन रस्त्यावर उतरून स्वतः मोजावे. दोन आकड्यांत फरक निघाला तर शेजारच्या दुकानदाराला तो त्याच दिवशी दाखवावा.